कळकलेली कढी

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात जाऊबाईंनी पाहुण्यांसाठी केलेली आंबट कढी ओतून ठेवली. मी बघत होते, बोलले नाही. तासाभरात कडेला हिरवट झाक आली.

धातूंनाही स्वभाव असतात. लोखंड नुसत्या ओल्या हवेनेही गंजतं. सोनं आंबटातही ढिम्म. पितळ मात्र वर्षानुवर्षं पाणी निमूट सोसतं आणि आंबट पडलं की सूड उगवतं.

"हिला काहीही बोला, हिला काही लागत नाही," जाऊबाई चारचौघांत माझ्याबद्दल हसून सांगतात. मी त्यांना सोन्याची वाटले असणार.

पंगत बसली, तशी मी पहिली वाटी त्यांच्यापुढेच ठेवली. "कढी तुमची, पहिला घोट तुमचाच."

घोटासरशी त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

मी हळूच विचारलं, "काय जाऊबाई, लागली ना?"