पाण्यात माणूस आहे

नामदेव गेल्याची बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. दाराशी त्याचा मेहुणा उभा होता, सायकल धरून. "गुरुजी, भाऊजी गेले जी. इहिरीत पडले. डाव्या अंगाची इहीर दिसलीच नाई त्याइले..." मी खडू खाली ठेवला.  डाव्या अंगाची विहीर त्याला का दिसली नाही, याचं खरं कारण त्या वर्गात फक्त मला ठाऊक होतं. आज पाच आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी लेख मागितला म्हणून लिहितो आहे असं म्हणायची सोय आहे, पण खरं तर मीच त्यांच्या मागे लागलो.

बाभुळगावच्या अलीकडे आमचं तळं. हिवाळ्यात तिथं हजारांनी बदकं उतरायची... तलवार बदकं, चक्रवाक, हळदी-कुंकू. मी दुर्बीण आणि वही घेऊन पाळीवर बसायचो आणि यवतमाळचे वकीलसाहेब दुनळी बंदूक घेऊन समोरच्या काठाला. शनिवारी मी ज्या बदकांची नोंद करायचो त्यांचा रविवारी त्यांच्याकडे रस्सा व्हायचा. गावाला आम्ही दोघंही सारखेच रिकामटेकडे वाटायचो. नामदेव आधी वकीलसाहेबांचा माणूस होता, त्यांच्यासाठी बदकं धरायचा. एका ढिवर, म्हणजे मासेमार, मित्राकडून तो मडक्याची शिकार शिकला होता. रिकामी मडकी आठवडाभर पाण्यावर तरंगत सोडायची, बदकं त्यांना सरावली की एक मडकं डोक्यावर पालथं घालून गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू जायचं. बघायला मडक्याला दोन भोकं. जवळ पोचलं की पाय धरून बदक खाली ओढायचं, शेजारच्या बदकाला पत्ताही लागत नसे.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि त्यानं ते काम सोडलं. वकीलसाहेबांनी खूप समजावलं. "अरे, एवढ्याशा पाखरानं धर्म बुडतो का?" नामदेव म्हणाला, "जीव घेनार नाई म्हून शब्द देल्ला हाये सायेब. मानसाले शब्द देल्ला असता तं वापस घेतला असता." मला या उत्तराचं फार कौतुक वाटलं. वाटलं ते वाटलं, पण त्याच्या हातातली कला फुकट चालली याचीही हळहळ वाटली. परदेशात बदकांच्या पायात क्रमांकाचं कडं घालून सोडतात, ते पक्षी आपल्याकडे येतात, हे मी वाचलेलं होतं. मी नामदेवला म्हटलं, "धरायचं, मी नंबर लिहून घेतो, आणि सोडून द्यायचं." तो हसला. "म्हंजे मडकं तेच, पाप नाई!" त्या हिवाळ्यात त्यानं मला तीन कडी वाचायला दिली. बदक हातातून सुटून उडालं की लहान पोरासारखा आभाळाकडे बघत राहायचा.

आता तळ्यात माणूस आणि काठावर बंदूक, म्हणून आम्ही एक नियम ठरवला. नामदेव पाण्यात शिरताना पाळीवरच्या बाभळीला तांबडं फडकं बांधायचा. फडकं दिसलं की बंदुकीनं गप्प बसायचं. वकीलसाहेबांनी हा नियम एकदाही मोडला नाही. तो मोडला मी.

त्या वर्षीची संक्रांत. मला सुट्टी होती. दुर्बिणीतून एका तलवार बदकाच्या पायात कडं चमकताना दिसलं होतं आणि माझी भूक-तहान गेली होती. नामदेव फडकं बांधून थंडगार पाण्यात उतरला. पण वारा सुटला, फडकं फडफडायला लागलं आणि बदकं बिचकून पलीकडेच राहिली, मडक्यांकडे येईनात. अर्धा तास गेला. मी उठलो, फडकं सोडलं आणि खिशात घातलं. थोडाच वेळ, असं मनाशी म्हटलं. रविवार नव्हता, बंदूक येणार कुठून? मला संक्रांतीची सुट्टी आहे म्हणजे कोर्टालाही आहे, हे मला सुचलं नाही. एवढा शिकलेला माणूस मी!

बदकं मडक्यांपाशी आली. पलीकडून बार झाला. बदकं उडाली, एक मडकं फुटलं आणि त्याच्या जागी नामदेवचं डोकं दिसलं.

बैलांच्या दमणीतून आम्ही त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. वकीलसाहेब त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, त्यांचं धोतर रक्तानं भिजलं होतं. ते एकसारखे म्हणत होते, "फडकं नव्हतं हो! गुरुजी, तुम्ही सांगा, होतं का फडकं?" मी म्हटलं, "नव्हतं." त्याला पाण्यातून काढताना भिजलेला फडक्याचा गोळा खिशातून मांडीला लागत होता. तेवढ्यात नामदेव पुटपुटला, "मीच बांधाले विसरलो, सायेब." मला वाटलं, वेदनेत त्याला आठवत नाही. देवाचे आभार मानले मी... लाज वाटते लिहिताना.

डावा डोळा गेला. वकीलसाहेबांनी बंदूक विकली, तळ्यावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. लोक नामदेवला हसत, सोताच फडकं विसरला आन् सोताच बदक झाला म्हणत. तोही हसायचा. मी सहा वर्षं दर पंधरवड्याला त्याच्याकडे जात राहिलो, कधी चिवडा घेऊन, कधी पोरींसाठी पुस्तकं घेऊन. बोललो मात्र पाऊसपाण्याचं.

परवा गेलो तेव्हा त्याची बायको, कौसाबाई, जात्यापाशी बसली होती. मी म्हटलं, "त्या दिवशी तो फडकं विसरला नसता तर..."

तिनं जातं थांबवलं. "ते नाई विसरले, गुरुजी. मडक्यातून त्याइले दिसलं होतं. तुमी सोडून खिशात घातलं थे."

मला बसवेना. "मग तो बाहेर का नाही आला?"

"तुमाले तो नंबर पाह्यजे होता ना."

"आणि कुणाला सांगितलं कसं नाही?"

"मी म्हटलं होतं, सांगा. तं म्हने, गुरुजी सोताच सांगतीन, आपुन काहून बोलाचं? तुमी आले का मले बाहेर पाठवत. म्हनत, कौसा, तू भाइर बस, गुरुजीले आज बोलाचं असन."

दर खेपेला ती बाहेर का जायची, ते तेव्हा कळलं. मला वाटायचं, खोली लहान म्हणून... ती उठली आणि सुपात ज्वारी घेऊन सवयीनं बाहेर जाऊन बसली. आत तो बसायचा ती घोंगडी तशीच अंथरलेली होती. मी त्या घोंगडीसमोर बसलो.

"फडकं मी सोडलं, नामदेव," म्हटलं.

बाहेर ज्वारी पाखडल्याचा आवाज थांबला. कौसाबाई तिथूनच म्हणाली, "आता जोरानं सांगा, गुरुजी. गावाले आयकू जाऊ द्या."