काकांबरोबर निघालेली नळी

आमचे जावई निशिकांतराव यांना देवाने सगळं दिलं, फक्त ‘नाही’ म्हणायची जीभ द्यायची राहून गेली. सिंगापुरात वुडलँड्सच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी राहायला आले आणि आठवड्यात मला हे उमगलं. शेजारच्या चिनी आजीचा पंखा, खालच्या तमिळ बाईंचा मिक्सर, गणपतीच्या आरतीचा माइक, सगळं यांच्या हॉलच्या कोपऱ्यात येऊन पडे. जावई एका कारखान्यात इंजिनियर. तिथे लेथ आहे आणि साहेब सुट्टीत वापरू देतो, ही बातमी पुण्यापासून न्यूझीलंडपर्यंतच्या नातेवाइकांना ठाऊक. कुणाचं काहीही मोडो, यांचं उत्तर एकच, "पाठवा कुणाबरोबर तरी. बघतो."

‘कुणाबरोबर तरी’ हे आपल्या लोकांचं पोस्टखातं. एकदा विमानाचं तिकीट काढलं की माणसाचा टेम्पो होतो. त्यातला सगळ्यात बेभरवशाचा टेम्पो म्हणजे निशिकांतरावांचे दिलीपकाका. मागच्या खेपेला त्यांनी आमचा दोन किलो गोडा मसाला पुण्यातच काढून ठेवला आणि त्या जागी स्वतःचे बूट भरले. निशिकांतराव सहा महिने त्यांच्याशी बोलत नव्हते.

ही गोष्ट २०१४ सालची. इथे कायमचं राहायचा पी.आर.चा अर्ज दोनदा नामंजूर झाला होता. तिसऱ्यांदा केला होता. माझी लेक मीनल त्याची पावती देवापुढे ठेवून रोज हळदकुंकू वाहायची, आणि घरात कुणी मोठ्याने शिंकलं तरी तिला वाटायचं, सरकारला कळेल.

त्याच दिवसांत जावयांचा मावसभाऊ श्रीनिवास याचा फोन आला. तो न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांचा डॉक्टर.

"दादा, एक नळी घेतलीय, आटेच बसत नाहीत. लेथवर बघशील?"

"पाठव की कुणाबरोबर तरी," निशिकांतराव म्हणाले. कसली नळी, हे विचारायचं सुचलं नाही. दिलीपकाका तिकडे लेकीकडे गेलेलेच होते. पुण्याला परतताना चार दिवस आमच्याकडे उतरणार होते.

काका यायच्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता यांनी श्रीनिवासला व्हिडिओ फोन लावला, नळीचं माप विचारायला. तर त्याच्या जेवणाच्या टेबलावर ही लांबलचक बंदूक!

"हे काय रे?"

"रायफल. सशांसाठी. फार झालेत इकडे. परवाना आहे माझा. स्वस्तातली घेतली, दर गोळीला हाताने दांडा मागेपुढे करावा लागतो. पण आवाज असा, की ससे राहतात बाजूला आणि मेंढ्या पळतात. शेजारचा म्हातारा शिव्या घालतो. म्हणून सायलेन्सर आणला. इकडे शेतीच्या दुकानात मिळतो, खुरप्यांच्या शेजारी. तोच दिलाय की काकांकडे!"

यांच्या घशात पोहे अडकले. बारा वर्षांची नात कस्तुरी शांतपणे म्हणाली, "बाबा, धिस वन जेल, लाह."

मीनलने देवापुढची पावती उचलून पदराखाली धरली. "पी.आर. सोडाच, आहे तो नोकरीचा पासही जाईल. आणि काका? त्यांना बीपी आहे हो!"

काकांचा फोन बंद. विमान आभाळात, उतरणार संध्याकाळी साडेपाचला. तोवर निशिकांतरावांनी घरात एवढ्या येरझारा घातल्या, की पायी गेले असते तर पुलापलीकडच्या देशातलं जोहोर आलं असतं.

शेवटी मीनल म्हणाली, "आपणच आधी पोलिसांना सांगू. नकळत झालं म्हणावं." यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सगळ्या कागदांची फाइल घेतली आणि आरशासमोर इंग्रजीत वाक्य घोकायला लागले. मी म्हटलं, "निशिकांतराव, वाक्य जरा आखूड करा. मधेच धाप लागते तुम्हाला."

विमानतळावर प्रवासी बाहेर पडतात तिथे एक तरणा पोलीस उभा होता. हे घामाघूम होऊन त्याच्यापुढे गेले. "सर, माय अंकल इज अ व्हेरी इनोसंट मॅन."

"अंकल लॉस्ट, आह?" त्याने मायेने विचारलं.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि ट्रॉली ढकलत काका आले. "निशी!"

"काका, ती नळी? श्रीनिवासची?"

काकांचा चेहरा पडला. "हे बघ, आल्या आल्या भांडायचं नाही. तिकडे वजन दीड किलो जास्त भरलं. मधाच्या चार बाटल्या आहेत माझ्या, त्या काय टाकून देऊ? ती नळी दिली लेकीच्या हातात परत. म्हटलं, निशीचं काय, पुढच्या खेपेला नेऊ. आता सहा महिने अबोला धरायचा तर धर!"

निशिकांतरावांनी भर विमानतळावर काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. काका घाबरून एक पाऊल मागे सरले. "अंकल फाउंड," असं म्हणून पोलीस निघून गेला.

घरी आल्यावर यांनी परत श्रीनिवासला फोन लावला. "तुझी नळी तुझ्याच गावात काकांच्या लेकीकडे आहे, घेऊन ये. आणि बंदुकीचं तोंड दाखव जरा. हे टोकाला टोपण कसलं?"

"ते कंपनीचंच. आटे खराब होऊ नयेत म्हणून."

"ते काढून बघितलंस?"

त्याने टोपण बोटाने चाचपलं.

"काढायचं असतं होय?" श्रीनिवास म्हणाला.

मेंढ्यांचा कसला डॉक्टर हा! बाटलीचं बूच न काढता वर दुसरं बूच बसवत होता. दुसऱ्या दिवशी टोपण काढून त्याने नळी फिरवली, ती हातानेच बसली. तरी दुकानदाराला दाखवून घे, असं यांनी चारदा बजावलं. तो फोनवर खुशीत म्हणाला, "दादा, बंदुकीवरच्या दुर्बिणीचं पण एक..."

आम्ही सगळे यांच्या तोंडाकडे बघत होतो. जीभ दोनदा टाळूला लागून परत आली.

"नाही," निशिकांतराव म्हणाले. कस्तुरीने टाळ्या वाजवल्या.

काका पुण्याला निघाले तेव्हा आम्ही त्यांच्याबरोबर काहीच दिलं नाही. तर ते रुसले! "माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?" म्हणून मीनलने घाईघाईने पुण्यातल्या जावेसाठी एक डबा बांधून दिला.

तो त्यांनी विमानतळावर वजनकाट्यापाशी माझ्या हातात परत दिला.