पाणी कुठून आणायचं, हे विचारणारे किसनमामा

माझ्यासाठी स्थळ आणलं त्यांनीच, आणि ते मोडलंही त्यांनीच.

किसनमामा आज सकाळी गेले.

डिंभे धरणाच्या आसपास कुणाच्या मुलीचं लग्न ठरायचं असलं की बैठकीला मामांना हमखास न्यायचे. मुलाकडच्यांना प्रश्न विचारायचं काम त्यांचं. एरवी थोडी शेती आणि धरणात मासेमारी. पण बैठकीला निघताना टोपी मात्र कडक इस्त्रीची.

आमचं घर तळेघरच्या वर, डोंगरात. एस.टी. आली तर आली. म्हणून इंजिनिअरिंगची सगळी वर्षं मी मामांकडे राहून काढली.

शेवटच्या वर्षाला कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू झाले आणि नेमकं तेव्हाच मामांनी स्थळ आणलं. घर चांगलं, मुलगा नोकरीला.

माझे वडील, अप्पा, म्हणाले, "कालेजातनं नोकरी लागली तर बघू. न्हाई तर परीक्षा झाली की बार उडवून टाकू."

मला नोकरी हवी होती. लग्नाच्या आधी, स्वतःची, हवीच होती.

पहिल्या इंटरव्ह्यूत पॅनेलवरचे सर म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा."

मी खुर्चीच्या कडेला टेकलेली, नजर फरशीवर.

नाव सांगितलं. वडिलांचं नाव, गाव, शिक्षण.

आणि मग, मामाचं गाव डिंभे.

बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुली सांगतात ना, अगदी त्याच क्रमाने. फक्त इंग्रजीत.

पॅनेलवरचे एकमेकांकडे बघून हसले. माझं सिलेक्शन झालं नाही.

घरी येऊन सांगितलं तर मामी पोट धरून हसली. मामा हसले नाहीत. म्हणाले, "उद्यापास्नं माझ्याम्होरं बसायचं."

धरणाच्या काठाला पालथ्या घातलेल्या होडीवर मामा बसायचे, मी समोर दगडावर. मी इंग्रजीत बोलायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. फाटलं जाळं सांधत ऐकत राहायचे. पण माझी नजर खाली गेली रे गेली की आवाज यायचा.

"वर बघ."

मामी वरून ओरडायची, "अवं सायेब, पोरीला जेवाया तरी सोडा!"

एकदा त्यांनी विचारलं, "शेवटाला काय इचारत्यात ती लोकं?"

"तुम्हाला काही विचारायचंय का, म्हणतात."

"मंग तू काय म्हनलीस?"

"नो सर."

जाळ्यावरचा हात थांबला.

"न्हाई म्हनलीस? अगं, खरी बैठक तितनंच तर चालू व्हती!"

मग पाण्याकडे बघायला लागले. बोलले ते माझ्याकडे न बघता.

"तुझ्या आईच्या बैठकीला मी गेल्तो. बारका व्हतो, पर गेल्तो. आमी भातखाचरं बघितली, बैलं बघितली, जेवून माघारी आलो. पानी कुठनं आनायचं, कुनीच इचारलं न्हाई. दोन-तीन वर्सांनी दिवाळीला आली, तर डोक्यावरचं क्यास गेल्यालं. हंड्यानं."

आईच्या डोक्यावर मधोमध केस विरळ आहेत. ते मी लहानपणापासून बघत आले होते. ती तशीच आहे, असं मला वाटायचं.

"तवापास्नं कुठंबी गेलो तरी पयलं पानी इचारतो. लोकं हसत्यात. हसू दे. तूबी इचार. ती लोकं तुला बघाया आल्यात, तशी तूबी त्यांना बघाया गेलीयस."

दुसऱ्या दिवशी मामा टोपी घालून त्या स्थळाकडे गेले आणि सांगून आले, "पोरगी अजून बघून ठरवतीय."

ते लोक भडकले. त्या घराशी मामांचं येणंजाणं कायमचं तुटलं. अप्पा तर फोनवर कडाडलेच, "आन् न्हाई लागली नोकरी, तर?"

मामा एवढंच म्हणाले, "म्या हाय ना."

पुढच्या इंटरव्ह्यूत शेवटी तोच प्रश्न आला. काही विचारायचंय का?

नजर फरशीकडे जायला लागली होती. पण वर बघितलं.

"सर, मला ज्या जागेवर घेणार, तिथे आधी कोण होतं? ते का सोडून गेले?"

सर गडबडले. शेजारच्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खरं ते सांगितलं. कामाचा ताण, बदललेला साहेब, सगळं. मग म्हणाल्या, "आता सांग, यायचंय का तुला?"

मी हो म्हणाले. विचारून, ऐकून घेऊन, हो म्हणाले.

ऑफर आल्याचं मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेढ्याआधी विचारलं, "ऱ्हायच्या जागी पानी हाय का?"

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा पॅनेलवर बसले, दुसऱ्या बाजूने. समोर आमच्याच डोंगरपट्ट्यातल्या मढ गावची एक मुलगी आली. हुशार. पण खुर्चीच्या कडेला टेकलेली, नजर फरशीवर. काही विचारायचंय का म्हटलं, तर म्हणाली, "नो मॅम."

मी मराठीत म्हटलं, "आहे तुझ्याकडे प्रश्न. वर बघ आणि विचार."

तिने वर बघितलं. "मॅडम, काम संपायला उशीर झाला, तर रूमवर सोडायला गाडी असते का?"

मामा तिथे असते तर हा प्रश्न ऐकून खूश झाले असते.

रविवारी डिंभ्याला जाऊन त्यांना हे सांगायचं ठरवलं होतं. होडीवर बसून, त्या मुलीच्या आवाजात.

आज शुक्रवार आहे. मी आजच निघालेय.

आई माझ्याकडेच राहायला आली होती, ती गाडीत माझ्या शेजारी बसलीय. डोक्यावरचा पदर सरकलाय, तो तिने सावरलेला नाही.

मामा, वर बघतेय मी. नीट दिसत नाहीये, पण मान खाली घातलेली नाही.

तुमच्या भाचीचा शेवटचा नमस्कार.