झेंडूचा पडता भाव

लक्ष्मीपूजनाला अमरावतीच्या बाजारात मी पणत्या घेऊन बसले होते. शेजारी नांदगाव खंडेश्वरची एक बाई झेंडू विकत होती. फुलांवर पाणी शिंपडलं की तोच ओला हात ती तोंडावरून फिरवायची. दुपारपर्यंत भाव निम्म्यावर आला, तरी बाया म्हणत, "सांजच्याले अजून उतरते, मंग घेऊ."

ती मला म्हणाली, "भाव पडला की गिऱ्हाईक येते म्हणतेत. उलटंच हाय, बाई. अजून पडाचीच वाट पाहून राहिल्या. पुढच्या साली झेंडू लावतच नाही."

दिवे लागले. गाडीभाडंही सुटेना, तेव्हा ती ढीग तिथेच टाकून उठली. थांबलेल्या बायांनी लगेच पिशव्या भरल्या.

ऑटोत चढता चढता ती म्हणाली, "घ्या मायबाई, जमला तुमचा भाव."