पोरं वाट बघत असतील

हे मी आजवर कुणापुढं बोलले नाही. आमच्या ह्यांच्यापुढं नाही, देवापुढं तर नाहीच — त्याला काय, ठाऊकच असणार. तुम्हाला सांगते. मधे बोलू नका मात्र, नाहीतर मी विषय बदलीन. त्यात मी पटाईत आहे.

संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. हे कचेरीत कारकून, आणि घरात राज्य सासूबाईंचं. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचा आवाज असा, की दारात बोलल्या तर चौकातली माणसं मागं वळून बघायची! त्यांना ब्लडप्रेशर आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं — मीठ कमी करा, चिडू नका. दोन्ही त्यांना जमण्यासारखं नव्हतं. एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, आणि तो आवाज — नुसती घरघर.

समजत मात्र सगळं होतं. हे लक्षात ठेवा. कान शाबूत, डोकं शाबूत. फक्त जीभ वळत नव्हती.

डॉक्टरांनी मीठ पुरतं बंद केलं. सर्पगंधेच्या गोळ्या, दर आठवड्याला दंडाला पट्टा बांधून पारा बघणं, आणि मनाला लागेल असं काही होऊ द्यायचं नाही. सगळं माझ्या गळ्यात. मी कडक होते. अळणी भाकरी, अळणी आमटी — आणि शेजारून तांबड्या रश्शाचा वास! त्यांचा मला कळलेला पहिला शब्द 'मीठ'. मग 'पाणी'. मग हळूहळू सगळंच. घरात मला एकटीलाच कळायचं, पोटच्या मुलालाही नाही. कुणी भेटायला आलं की त्यांचं ऐकून माझ्याकडं बघायचं, आणि मी सांगायची.

आणि लोक काय म्हणायचे? "सून न्हाय बाई, लेक हाय!" डॉक्टरसुद्धा दुसऱ्या रोग्यांना माझं उदाहरण द्यायचे. मला गोड लागायचं हो, खोटं कशाला बोलू? तिथूनच ते सुरू झालं — त्या माझा उद्धार करायच्या, ही सटवी मला उपाशी मारती म्हणायच्या, आणि मी पाहुण्यांना सांगायची, पोरंबाळं बरी आहेत का विचारतात. त्या डोळे वटारायच्या. मला गंमत वाटायची. इतकी वर्षं त्या बोलल्या आणि मी ऐकलं. आता त्या बोलणार आणि मी ठरवणार. कळतंय ना, मी कुठं चाललेय?

वन्सं — त्यांची एकुलती लेक — मलकापुरात दिलेल्या. यष्टीनं यायच्या, दोन दिवस राहून जायच्या. त्या दिवशी निघताना पाया पडायला वाकल्या, तर आत्याबाईंनी डाव्या हातानं त्यांचा पदर धरला. सोडेनात. आणि बोलल्या. घरघरत, लाळ गळत, पण पुन्हा पुन्हा तेच.

वन्सं रडायलाच लागल्या. "वैनी, काय म्हणतीया आई?"

त्या म्हणत होत्या — मला तुझ्याकडं घेऊन चल.

आत्याबाई! लेकीच्या घरचं पाणी पिणं म्हणजे कमीपणा, असं जन्मभर मानलं त्यांनी. जावयाच्या घरी कधी एक रात्र काढली नाही. त्या बाईनं सगळा ताठा गिळून हे मागितलं होतं.

माझ्या डोक्यात काय आलं, सांगू? गल्ली काय म्हणेल. लेक लेक म्हणत होतो, शेवटी सासूला काढून दिलीच की. एवढंच आलं. मलकापुरात पथ्य कोण सांभाळणार, पारा चढला तर — हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. तेव्हा मनात नव्हतं.

मी म्हणाले, "म्हणत्यात, जा आता. यष्टी चुकंल. पोरं वाट बघत असतील."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. डोळे वटारले नाहीत. पदर सोडला.

त्या दिवसापासून त्या बोलल्या नाहीत. मीठसुद्धा मागितलं नाही. पुढं ठेवीन ते गिळायच्या. डॉक्टर म्हणाले, बारीकसा दुसरा झटका येऊन गेला असावा, वाचा पुरती गेली. मी मान डोलावली. वन्सं आल्या की आत्याबाई डाव्या हातानं नुसता लेकीचा चेहरा चाचपायच्या. बोलून काय उपयोग? मधे मी होते ना. दर खेपेला मी ठरवायची, आज वन्संना सांगायचं. सांगितलं? नाही. पारा मात्र उत्तम राहिला. डॉक्टर खूश.

असं दोनेक वर्षं चाललं, आणि आत्याबाई गेल्या. वन्सं माझ्या गळ्यात पडून रडल्या — वैनी, तुम्ही आईची जीभ झालासा. मी त्यांची पाठ थोपटली.

आता वन्संनाच ब्लडप्रेशर आहे. अळणी खातात, आईचं नाव काढत. येतात तेव्हा आपल्या पोरांना हमखास सांगतात — एवढ्या दुखण्यात पण आईला तुमचीच काळजी; शेवटचं बोलली ती हेच, जा, पोरं वाट बघत असतील. मग माझ्याकडं वळतात. "व्हय की न्हाय, वैनी?"

मी व्हय म्हणते.