डबा उद्या द्या

बायपासनंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि कॅनडातल्या मार्कहॅमच्या हिवाळ्यात न चालण्याची कारणं आयती मिळतात. शेवटी बायकोने मला मॉलमध्ये धाडलं. दुकानं उघडण्याआधी तिथे रिटायर्ड मंडळी गोल गोल चालतात.

तिथेच त्या भेटल्या. जांभळं जॅकेट, पांढरा बॉबकट, आणि दर बंद दुकानाच्या काचेत बघून केस सारखे करायची सवय. मराठी निघाल्या. हेल्थ सायकॉलॉजिस्ट आहे म्हणाल्या.

मी घाईने सांगितलं, "माझं डोकं ठीक आहे हो. प्रॉब्लेम हार्टचा आहे."

"हार्ट चालायला तयारच असतं. त्याला घरी कोण बसवून ठेवतं, ते आम्ही बघतो."

निघताना त्यांनी भाजलेल्या मखाण्यांचा स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला. "डबा उद्या द्या."

घरी बायको म्हणाली, "रिकामा कसा देणार?" तिने जवसाची चटणी भरली. दुसऱ्या दिवशी बर्फ पडत होतं, तरी डबा द्यायला जावंच लागलं. मग त्यांच्याकडून थालीपीठ आलं. नाव विचारायचं राहूनच गेलं, पण अख्खा विंटर तो डबा इकडून तिकडे फिरला आणि त्याच्यामागे मी.

एप्रिलमध्ये मी म्हटलं, "कळलं हं मला. डबा देऊन पेशंटला चालवलंत!"

"तुम्हाला कुठलं चालवलं?" काचेत बघत त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून मीच घराबाहेर पडत नव्हते. आणि डबा परवापासून तुमच्याकडेच पडलाय."