स्वतःच्या नावाची पत्रावळ

माझ्या वडिलांना एक मोठी बहीण होती, हे मला पन्नाशीत कळलं, तेही वडील गेल्यावर. आई म्हणाली, ती अकरा वर्षांची असताना तिच्या अंगावर चट्टा उठला. आजोबांनी तिला हिंगण्यापलीकडच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत सोडलं आणि घरी येऊन तिची तेरवी उरकली. ती अजून तिथंच होती, पण तिचं नाव काढायची बंदी होती. पितृपक्षातही तिला पान वाढायचं नाही, बोलावल्यासारखं होईल, ही भीती. म्हणजे मेलेल्यांतसुद्धा तिला जागा नव्हती. मला संताप आला. इतक्या उशिरा आलेल्या संतापाचं करायचं काय, ते कळेना, म्हणून स्कूटर काढली आणि तिला भेटायला निघालो.

नेमकी सर्वपित्री अमावस्या होती. भर दुपार. वसाहतीचं कुंपण केव्हाच पडलेलं, फाटक मात्र उभं होतं. आत ओट्यावर आठ-दहा म्हातारे-म्हाताऱ्या ओळीनं जेवायला बसले होते. सगळे कधीचेच बरे झालेले. न्यायला कोणी आलं नव्हतं, एवढंच. प्रत्येकापुढे पळसाच्या दोन पत्रावळी होत्या. एकीवर ते जेवत होते. दुसरी पलीकडे, समोर कोणी बसलं असावं तशी वाढलेली.

ती पानं कोणाची, मी रखवालदाराला विचारलं.

"ज्याची त्याची," तो म्हणाला. "घरच्यांनी यांले कधीच मारून टाकलं. तिकडं कोणी वाढते का नाही, काय मालूम? म्हणून हे आपलं आपणच वाढून घेतेत."

आत्या ओळीत शेवटी होती. नाक थेट वडिलांचं. चुलीवरून नुकतंच उतरवलेलं कढीचं पातेलं तिनं उघड्या हातांनी धरलं होतं. त्या हातांना चटका कळत नव्हता. मी कोण ते सांगितलं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "घरी मायं पान वाढता का गा?"

खरं सांगायचा धीर झाला नाही.

"वाढतो आत्या. दरवर्षी."

"खीर करता?"

"करतो."

तिचा चेहरा सैल झाला. शेजारणीला म्हणाली, "पाहय वं, माये घरचे वाढतेत." मग पलीकडची पत्रावळ ओढून तिनं त्यातलं सगळं आपल्या पानात घेतलं आणि चवीनं जेवू लागली.

"आता मले वाढायचं काम नाही," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसून राहिलो. समोरच्या रिकाम्या जागेकडे मला बघवेना. तिला पान वाढणारं जगात एकच माणूस होतं, ती स्वतः, आणि तिचं वाढणंही मी बंद केलं होतं.